उद्या मला ओळखायचं नाही

"आई, उद्या तू मला ओळखायचं नाहीस."

भिंगरीने जेवता जेवता हे सांगितलं, आणि पुढचा घास घेतला. आई ओट्यापाशी पातेलं घासत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे काय गं? पोटच्या पोरीला ओळखायचं नाही?"

"फक्त उद्या. आमची सहल तुझ्या बागेत येणार आहे. मी पाळण्यापाशी आले तर इतरांसारखं तिकीट मागायचं. हाक मारायची नाही, फुकट फेरी द्यायची नाही, नाक पुसायचं नाही."

"नाक कधी पुसलं मी तुझं?"

"चौथीत. सगळ्यांसमोर. पदराने."

ते खरं होतं. गावाबाहेरच्या त्या मोठ्या खेळांच्या बागेत ती आकाशपाळणा चालवायची. बागेत तिला सगळे पाळणेवालीच म्हणत. भिंगरी चौथीत असताना शाळा पहिल्यांदा बागेत आली होती. सगळी मुलं एका दोराला धरून आगगाडीसारखी चालत होती. लेक दिसल्यावर पाळणेवालीला राहवलं नाही. तिने पाळणा थांबवला, बाहेर आली, लेकीचं नाक पुसलं आणि सगळ्या वर्गाला एक फेरी जास्त दिली. आपण लेकीचा मान वाढवला असं तिला वाटलं. वर्गाने मात्र भिंगरीचं नाव 'आईचं शेपूट' ठेवलं, आणि ते वर्षभर पुसलं गेलं नाही.

आता भिंगरी सहावीत होती, आणि तिच्या वर्गाच्या बाईंनी या वेळी दोर आणायचा नाही असं ठरवलं होतं. मुलांनी चौघाचौघांचे गट करायचे, आपलं आपण फिरायचं, आणि चारची घंटा झाली की कारंज्यापाशी जमायचं. पालकांच्या बैठकीत हे ऐकल्याबरोबर पाळणेवाली उभी राहिली होती.

"बाई, मी रोज तिथे असते. फाटकापाशी हरवलेल्या मुलांची खोली आहे, ती एक दिवस रिकामी नसते. रडून रडून पोरांचे गळे बसतात."

"म्हणूनच म्हणते," बाई म्हणाल्या, "थोडी हरवू देत. सापडायची सवय कधी लागणार?"

"आणि तळं? तळ्याला कठडा आहे कमरेइतका. पाणी आहे डोक्यावरून."

"तुम्ही तर दिवसभर लोकांची मुलं आभाळात सोडता की!"

"सोडत नाही बाई, कडी लावून पाठवते."

सगळे हसले, बाईसुद्धा. पण दोर काही परत आला नाही.

ते दिवस असे होते की मुलांच्या खिशात फोन नसत. मूल एकदा दाराबाहेर पडलं, की ते पुन्हा दारात येईपर्यंत आईच्या हातात वाट बघण्याखेरीज काही नसे. त्यामुळे पाळणेवालीने लेकीला वचन दिलं खरं, "बरं बाई, नाही ओळखणार," पण तिच्या जिवाला चैन पडेना. सकाळी तिने भिंगरीच्या वेणीला पिवळीजर्द रिबीन बांधली, तळहाताएवढं फूल काढून.

"एवढी मोठी?" भिंगरी आरशात बघून कुरकुरली.

"सहल आहे. शोभते."

मग ती नेहमीपेक्षा लवकर कामावर गेली आणि बाग उघडायच्या आत एक फेरी मारून आली. तळ्यावरच्या होडीवाल्या काकांना सांगितलं, मक्याच्या लाह्या विकणाऱ्या मावशीला सांगितलं, चकरीवाल्याला, भूतबंगल्याच्या दारावरच्या माणसाला, झाडूवालीलासुद्धा सांगितलं: पिवळी रिबीन दिसली की लक्ष ठेवा, आणि मला कळवा. प्रत्येक खेळापाशी, दुकानापाशी, कारंज्यापाशीसुद्धा एक काळा फोन असायचा, बागेतल्या बागेत चालणारा. मशीन बिघडलं तर सांगायला ठेवलेला. नाही म्हणणारं कुणी नव्हतंच; उलट सगळ्यांना गंमत वाटली. तिने स्वतः न ओळखायचं कबूल केलं होतं. बागेनेही ओळखायचं नाही, असं कुठे ठरलं होतं?

पाळण्याच्या पायथ्याशी काचेची एक लहानशी खोली होती. आत दांडा, ब्रेक आणि फोन. बाहेरच्या फळीवर कडीवाला उभा राहायचा, माणसं बसवायचा, दाराची कडी लावायचा आणि हात वर करायचा. त्याचा हात वर झाल्याशिवाय ती दांड्याला बोट लावत नसे. पाळणे ओळीने भरायचे नसत. एक भरला की चाक अर्धं फिरवून त्याच्या बरोबर समोरचा भरायचा, उतरवतानाही तसंच. नाहीतर चाक एका अंगाला ओढ घेतं आणि ब्रेकवर सगळा भार येतो. इतक्या वर्षांत तिच्या हाताला ही लय बसली होती.

सकाळ मजेत गेली. फोन सारखा वाजत होता.

"ताई, चकरीत बसली. हसतेय."

"ताई, लाह्या घेतल्या. मी मूठभर जास्त घातल्यात."

"ताई, भूतबंगल्यात गेली आत. काळजी करू नका, आपला माणूस आहे आत."

पाळणेवाली प्रत्येक वेळी फोन ठेवायची आणि तिचा चेहरा उजळायचा. कडीवाला फळीवरून बघत होता.

"ताई, ही सहल आहे की वरात? सगळी बाग तुमच्या लेकीच्या मागे चाललीय."

"तू कड्या बघ."

"कड्या बघतोच आहे. पण मी तिच्या जागी असतो तर चिडलो असतो."

"तू तिच्या जागी मावला नसतास. कड्या बघ म्हटलं ना."

दुपारी जेवणानंतर भिंगरीच्या गटातल्या चौघी पाळण्याकडे आल्या. पिवळी रिबीन लांबूनच दिसली. पाळणेवालीने मान खाली घातली आणि दांड्याकडे बघत राहिली. पण तिकीट घेताना भिंगरीची चष्मिस मैत्रीण काचेत वाकलीच.

"काकू, आज इथे आमचे फारच लाड चाललेत हं! होडीवाल्यांनी आम्हाला रांगेतून पुढे नेलं. आणि जो तो हिलाच विचारतो, पाणी प्यालीस का, दमलीस का."

पाळणेवालीने नुसतं "हं" केलं. मग तिने डोळे वर केले. भिंगरी तिच्याकडेच बघत होती. रागाने बघितलं असतं तर आईला सोसलं असतं. ती रागाने बघत नव्हती. काही हिशेब मनात जुळल्यावर माणूस जसं बघतं तसं बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

चौघी वर गेल्या, खाली आल्या. भिंगरी मागे वळून न बघता निघून गेली.

त्यानंतर फोन वाजलाच नाही.

आधी तिला वाटलं, लोक कामात असतील. शेवटी तिनेच चकरीवाल्याला फोन लावला. त्याने पाहिली नव्हती. भूतबंगल्यावर पाहिली नव्हती. लाह्यावाल्या मावशी म्हणाल्या, "अगं, त्या तिघीच बसल्यात इथे बाकावर. पिवळी रिबीन नाही. विचारलं तर म्हणतात, ती येते म्हणाली घंटेपर्यंत."

"कुठे गेली?"

"सांगत नाहीत. पोरी आहेत त्या, चोरासारख्या गप्प."

पाळणेवालीने फोन ठेवला. चाक भरलेलं होतं. वरच्या पाळण्यातून कुणीतरी हसत होतं. तिने दांडा धरला तसा तो तिच्या घामाने निसटला. तिने हात पदराला पुसला आणि पुन्हा धरला. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई," होडीवाले काका होते. नेहमी मोठ्याने बोलणारे काका हळू बोलत होते. "रिबीन सापडली. तळ्याच्या कठड्यापाशी. पोरगी... पोरगी नाही दिसत इथे."

तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

"पाण्यात बघा काका," ती कशीबशी म्हणाली.

"होडी घातलीय पाण्यात. गळ घेऊन पोरं गेलीत."

कडीवाल्याने तिचा चेहरा बघितला आणि धावत काचेपाशी आला. "ताई, तुम्ही जा. मी बघतो इथलं."

"तुला ब्रेक कळत नाही."

"अहो, पण..."

"माणसं वर आहेत. उतरव."

तिला धावायचं होतं. प्रत्येक पाळणा खाली आला की वाटायचं, उरलेले सोडून द्यावेत आणि धावत सुटावं. पण चाक तिच्या घाईचं नव्हतं. एक उतरवायचा, मग चाक अर्धं फिरवून समोरचा आणायचा, मग पुन्हा पुढचा, पुन्हा समोरचा. हात लयीत चालले होते. बाकी ती कुठेच नव्हती. एक जाडजूड बाई उतरायला तयार होईना.

"अहो, अर्धीच फेरी झाली की! पैसे दिलेत आम्ही!"

"उतरा मावशी, उतरा," कडीवाला हात जोडत म्हणाला. "पाया पडतो."

अजून काही पाळणे भरलेले असतानाच वर्गाच्या बाई धावत आल्या. केस सुटलेले, चप्पल एका पायातून निघाल्यासारखी. मागे त्या तिघी मैत्रिणी, रडवेल्या.

"दोन सर तळ्यावर गेलेत," बाई म्हणाल्या. "कचेरीतून कर्ण्यावरून नाव पुकारायला सांगू का? तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणेन तसं?" पाळणेवाली दांडा ओढता ओढता ओरडली. "बैठकीत म्हटलं होतं तेव्हा कुणी ऐकलं? थोडी हरवू देत म्हणे! हरवली आता, झालं समाधान?"

चष्मिस मैत्रीणच पुढे झाली.

"काकू, बाईंना नका बोलू. ती... ती तुमच्यामुळे गेली."

"काय?"

"ती म्हणाली, आईने सगळ्या बागेला सांगून ठेवलंय. भूतबंगल्यात तर भुताने तिचा हात धरला, काकू. भूत म्हणालं, घाबरू नकोस बाळा, आईला सांगतो मी तू इथे आहेस." तिने नाक ओढलं. "आम्ही खूप हसलो. ती नाही हसली. मग तुमच्या पाळण्यातून उतरल्यावर म्हणाली, एक तास तरी मला कुणी बघायला नको. म्हणाली, ज्यांना बघायचंय त्यांनी रिबीन बघत बसावी."

पाळणेवालीचा हात ब्रेकवर थांबला. मग तिने फोन उचलला.

"काका, ती रिबीन पडली होती की बांधली होती?"

"काय?"

"कठड्यापाशी होती म्हणालात ना. पडलेली होती का बांधलेली?"

पलीकडे काका कुणाशी तरी बोलले. मग पुन्हा फोनवर आले. "बांधलेली होती म्हणतोय हा. कठड्याच्या गजाला. फूल काढून बांधलेली, नीट."

तिने डोळे मिटले. पाण्यात पडणारं मूल रिबिनीचं फूल काढत बसत नाही. हे तिला पटत होतं, आणि तरी पटत नव्हतं. रिबीन बांधून झाल्यावर तोल जाऊ शकतो. कठड्यावर चढून बसायची खोड होतीच तिला. आणि तळं नसलं तरी बागेला मागची भिंत होती, तिच्यापलीकडे रस्ता होता, आणि नाना तऱ्हेची माणसं होती.

"पुकारू?" बाईंनी विचारलं. फोन उचलून त्यांनी कानाशी धरला होता. कचेरीत कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

एक शब्द पुरला असता. सगळ्या बागेवर कर्णा खरखरला असता, लेकीचं नाव, शाळेचं नाव, वर्ग, कपड्यांचा रंग, आई वाट बघत आहे. पुढे शाळेत 'आईचं शेपूट' हेच नाव पुन्हा चिकटलं असतं. पण तेवढंच असतं तर ते पाळणेवालीने डोळे झाकून केलं असतं. नाव चिकटतं, पुसलंही जातं. तिला दुसरंच डाचत होतं. पोरीने घंटेपर्यंत येईन असं सांगून ठेवलं होतं, आणि घंटा अजून व्हायची होती. अजून तिने कसलाही शब्द मोडला नव्हता. मोडला होता तो आईने.

"नको," ती म्हणाली.

"नको?" बाईंनाच खरं वाटेना.

"घंटा होऊ दे. काकांना सांगते, पाण्यावर नजर राहू दे त्यांची. पण पोरीला शोधत कुणी फिरायचं नाही. तुम्ही कारंज्यापाशी जा." तिने पुन्हा दांडा धरला. "आली की मला इथे फोन करा. नाही आली तरी करा."

बाई निघाल्या.

शेवटचा पाळणा रिकामा झाला. आता तिला कुणी अडवत नव्हतं. बाहेर मोठी रांग लागली होती, लोक कुरकुरत होते, कडीवाला तिच्याकडे बघत होता.

"बंद ठेवू या का, ताई?"

तिला ठाऊक होतं, एकदा या खोलीबाहेर पाऊल पडलं की ते तळ्यावर गेल्याशिवाय थांबणार नाही. मग भूतबंगला, मग मागची भिंत, मग हाका.

"भर," ती म्हणाली. "बसव लोकांना."

कडीवाल्याने दोघांना बसवलं, कडी लावली, ती दोनदा ओढून बघितली आणि हात वर केला. तिने चाक अर्धं फिरवलं. समोरचा पाळणा खाली आला. दोन माणसं, कडी, हात वर. कुणाचे चेहरे होते ते तिला पुढे कधी आठवलं नाही. एवढं मात्र आठवायचं, की एक म्हातारे गृहस्थ बसताना म्हणाले, "बाई, हळू चालवा हं, माझा पहिलाच अनुभव," आणि ती म्हणाली, "माझाही."

कडीवाला चमकून तिच्याकडे बघायला लागला. तिने दांडा ओढला.

घंटा झाली. कारंजं तिच्या खोलीतून दिसायचं, पण लांब. सगळीकडून मुलं धावत येत होती, गट्ठ्यागट्ठ्याने जमत होती, ओळी लागत होत्या. तिने काचेला कपाळ टेकलं. सगळ्यांचे गणवेश एकसारखे, सगळ्यांच्या काळ्या वेण्या. सकाळी हीच पोरगी सगळ्या बागेतून डोळ्यांत भरत होती. आता इतक्या सगळ्या पोरींत आपली कुठली, हे आईला कळत नव्हतं. ती एका वेणीवर नजर रोवायची, ती वेणी वळायची आणि चेहरा भलत्याच कुणाचा निघायचा. बाई ओळींमधून फिरत होत्या. एका ओळीपाशी त्या थांबल्या. खाली वाकल्या. पुन्हा चालायला लागल्या. त्यात काय समजायचं?

फोन वाजला. तिला उचलवेना. कडीवाल्याने बाहेरून काचेवर टकटक केलं तेव्हा तिने उचलला.

"सगळ्या आल्या," बाई म्हणाल्या.

"ती?"

"सगळ्या म्हटलं ना हो." बाईंना हसू आणि रडू एकदम आलं होतं. "घंटा व्हायच्या आधीच येऊन बसली होती, कारंज्याच्या मागच्या बाजूला. मला म्हणते, बाई, तुम्हाला उशीर झाला."

पाळणेवालीने फोन जागेवर ठेवला आणि पदराने स्वतःचंच नाक पुसलं. चाक वर फिरत होतं. कडीवाला वळून रांगेतल्या लोकांवर उगाचच ओरडायला लागला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा भिंगरी स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगा सोलत होती. केस मोकळे. आईने पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले आणि समोर येऊन बसली. तिनेही शेंगा सोलायला घेतल्या.

"मी हाक मारली नाही," आई म्हणाली.

"तू नाही मारलीस. सगळ्या बागेला मारायला लावलीस." भिंगरीने शेंग कचकन मोडली. "झाडूवाली मावशी सुद्धा, आई! मी बाथरूमला गेले तर दाराबाहेर उभी."

"चुकलं माझं."

हे एवढ्या पटकन येईल असं भिंगरीला वाटलं नसावं. ती भांडायच्या तयारीत होती. आता तो जोर कुठे लावावा ते तिला कळेना. ती खाली बघून म्हणाली, "मला वाटलं होतं, तू कर्ण्यावर नाव पुकारायला सांगशील."

"हं."

"कर्णा खरखरला की मी कान टवकारायचे. एकदा कुणाची तरी छत्री सापडली म्हणून सांगत होते. एकदा नुसतीच गाणी. प्रत्येक वेळी वाटायचं, आता माझंच नाव." तिने नवी शेंग उचलली. "भीती वाटत होती थोडी. एकटीला. पण नाव आलं नाही. मग बरं वाटलं."

"मग मजा आली?"

"आली."

"कुठे होतीस पण?" आईला राहवलं नाहीच.

"आई."

"बरं बरं. नाही विचारत."

भिंगरीने सोललेल्या दाण्यांची वाटी तिच्याकडे सरकवली आणि हात झटकत उठली. आईने वाटी उचलली, दाणे पाण्यात टाकले, चूल पेटवली. झाडामागे की भिंतीपाशी, एकटी की कुणाबरोबर, बसून की फिरत. प्रश्न एकामागून एक जिभेच्या टोकावर येत होते. तो तास पुढे कित्येक दिवस तिच्या पोटात दुखत राहिला. तिने तो दुखू दिला, पण पुन्हा विचारलं नाही.